माझंच खरं म्हणणाऱ्या काकांचा कूलर

"मॅडम, माणूस चुकीचं बोलून राहिला हे समोर दिसत असतं, पुरावा दाखवला तरी ऐकत नाही, वरून आपल्यालाच अक्कल शिकवते, अशा माणसासोबत एका घरात राहायचं कसं?"

मी नागपुरात समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला महिन्यातून तीन-चारदा तरी येतोच. कधी नवऱ्याबद्दल, कधी सासूबद्दल, जास्त करून वडील नाहीतर सासऱ्यांबद्दल, आणि एकदा तर एका बाईंनी स्वतःच्या 22 वर्षांच्या मुलाबद्दल विचारलं होतं, जो यूट्यूब पाहून पाहून घरातल्या सगळ्यांचा डॉक्टर होऊन बसला होता. माझ्याकडे याचं एका ओळीचं उत्तर नाही. एक केस आहे, ती सांगते. ओळख पटू नये म्हणून घरादाराचे तपशील बदललेत, कूलर मात्र जसाच्या तसा आहे.

2024 चा जून लागला होता पण पावसाचा पत्ता नव्हता. नागपूरकरांना सांगायला नको, या दिवसांत दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, माझ्याकडे दुपारची अपॉइंटमेंट कुणी घेतच नाही. तर त्या दिवशी साडेतीनला एक काकू डोक्याला दुपट्टा गुंडाळून आल्या आणि त्यांच्या मागून काका. साठी ओलांडलेली, कडक इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशात एक पेन आणि पेनाच्या बाजूला टेस्टर. हो, तोच, लाइट आहे का पाहायचा स्क्रूड्रायव्हरवाला टेस्टर. काका वीज कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले, त्याला पाच वर्षं झालेली, टेस्टर अजून खिशात.

खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मी काही पागल नाही मॅडम, हे आधीच सांगून ठेवतो. हिच्या समाधानासाठी आलो."

प्रकरण असं होतं. घरात मुलगा, सून आणि सहा महिन्यांचा नातू. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि एका खिडकीत मोठा लोखंडी कूलर. काकांचं मत होतं की कूलर चालू केला की बाकी दारं-खिडक्या गच्च बंद पाहिजेत. "बाहेर 45 डिग्री आहे, खिडकी उघडली तर गरम हवा आत येणार, यात समजण्यासारखं काय नाही?" सूनबाई म्हणायची की बंद खोलीत चिकचिक होते, म्हणून ती समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची. काका वर गेले की लावून टाकायचे. ती उघडायची, हे लावायचे. महिनाभर हेच चालू. बाळाच्या मानेवर आणि पाठीवर घामोळ्या आल्या, डॉक्टरांनी सांगितलं खोली हवेशीर ठेवा, तर काका म्हणाले डॉक्टरले कूलरचं काय माहीत. आणि मे महिन्यात एका दुपारी सून खिडकी उघडायला गेली तर खिडकीला खिळा ठोकलेला.

ती त्याच संध्याकाळी बाळाला घेऊन वर्ध्याला माहेरी निघून गेली.

मी विचारलं, "काका, खिळा खरंच ठोकला?"

"ठोकला. दहादा सांगून कोणी ऐकत नाही तर काय करू?"

काकू म्हणाल्या, कूलरचं सोडा मॅडम, आमच्या घरी भाजीत सांभार (म्हणजे कोथिंबीर) केव्हा टाकायचा हेही हेच ठरवतात. मुलानं पैसे कशात गुंतवायचे, शेजाऱ्यानं बोअरवेल कुठं खोदायची, मेट्रोचा रूट कुठून न्यायला पाहिजे होता, सगळ्यावर यांचं मत तयार, आणि मत म्हणजे मत नाही, तो निकाल. मी विचारलं हे अलीकडचं आहे का. काकू हसल्या, "लग्न झाल्या दिवसापासून." हे विचारणं जरुरी असतं. कारण आधी चारचौघांसारखा असलेला माणूस साठीनंतर अचानक हेकेखोर, संशयी झाला, चिडचिड करायला लागला, तर आम्ही समुपदेशनाच्या आधी डॉक्टरकडे पाठवतो, मेंदूचे काही आजार असे सुरू होतात, डिप्रेशन असू शकतं, आणि कितीतरी वेळा तर नुसतं ऐकू कमी आलेलं असतं, समोरच्याचं अर्धंच कानावर पडतं आणि लोक म्हणतात ऐकत नाही. इथं तसं काही नव्हतं. कान तर इतके तिखट की बाहेरच्या खोलीत रिसेप्शनवाली कुजबुजली ते यांनी आतून दुरुस्त केलं.

आता माझी चूक सांगते. बोलता बोलता तापमानाचा विषय निघाला आणि काका म्हणाले, "नागपुरात 56 डिग्री झालं होतं, आणि तुम्ही मले खिडकी उघडा सांगता?" आठवत असेल तुम्हाला, 30 मे 2024 ला इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 डिग्री दाखवलं होतं, देशभर बातमी झाली, प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फोटो फिरला, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. मी म्हटलं काका, तो सेन्सर खराब होता. ते म्हणाले हे सगळं लोकांनी घाबरू नये म्हणून सांगतात. मी म्हटलं असं नाही. ते म्हणाले असंच आहे. आणि मी, वीस वर्षांची प्रॅक्टिस असलेली बाई, फोन काढला, बातमी शोधली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. वाचा.

काकांनी वाचली. टेस्टर खिशात नीट केला, "चाल" म्हणाले काकूंना, आणि गेले.

वाद मी जिंकले होते. पुढचे तीन आठवडे काका फिरकले नाहीत.

आमच्या क्षेत्रात विल्यम मिलर म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, दारूच्या व्यसनावर काम करायचे, त्यांनी 1983 मध्ये मांडलं की समुपदेशक जितका जोर लावून पटवायला जातो तितका समोरचा माणूस उलट्या बाजूचं वकीलपत्र घेतो. म्हणजे तुम्ही "सोड" म्हणालात की त्याच्या तोंडून "का सोडू" हेच निघणार, आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे चारदा ऐकतो ते त्याला आणखी पटत जातं. मी हे दुसऱ्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तो घडा त्या दिवशी मी होते.

मधल्या काळात मुलाचा फोन आला. त्यानं वडिलांना एक रील पाठवली होती, डनिंग-क्रूगरवाली, ज्याला कमी कळतं त्यालाच जास्त आत्मविश्वास असतो असं सांगणारी. घरात आणखी आग. मी त्याला म्हटलं बाळा, मूळ अभ्यास 1999 चा आहे, विद्यार्थ्यांच्या व्याकरणाच्या, तर्काच्या वगैरे टेस्ट घेतल्या होत्या, जे सगळ्यात खाली होते त्यांचा खरा नंबर शंभरात खालून साधारण बाराव्या पायरीवर आणि त्यांना स्वतःला वाटत होतं आपण बासष्टाव्या पायरीवर आहोत. अभ्यास चांगला आहे, पुढं त्यावर उलटसुलट चर्चाही खूप झाली. पण मजा पाहा, तो वाचून आजवर एकही माणूस माझ्याकडे आला नाही की मॅडम हे माझ्याबद्दल आहे. प्रत्येकाला बापच आठवतो, नाहीतर बॉस.

त्याला दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची. तुमच्या घरात तान्हं लेकरू आहे, त्याच्या खोलीचा निर्णय त्याच्या आईबापाचा. बाबांना पटेपर्यंत वाट पाहायची नाही. खिळा आधी काढा, समुपदेशन नंतर होत राहील. खूप लोक इथं गफलत करतात, हट्टी माणसाला आधी पटवून द्यायचं आणि मग आपण मोकळं व्हायचं असं धरून चालतात, आणि पटणं काही होत नाही, मग वर्षानुवर्षं सगळं घर त्या एका होकाराची वाट पाहत बसतं. पटलं नाही तरी चालतं. मुलानं रविवारी पकड घेऊन खिळा काढला, भांडण केलं नाही, भाषण दिलं नाही, "मी काढला" एवढंच सांगितलं. काका दोन दिवस बोलले नाहीत म्हणे.

जूनच्या शेवटी काका परत आले, एकटे. तेव्हा पाऊस लागला होता. मी आधी माफी मागितली, म्हटलं त्या दिवशी मी तुमचं ऐकायला नाही, जिंकायला बसले होते. काका इकडंतिकडं पाहायला लागले. घरात मत देणाऱ्या माणसाची कुणी माफी मागत नाही, फक्त त्याला टाळतात. मग मी सहज विचारलं, "काका, टेस्टर अजून खिशात काहून?"

आणि काका उघडले. नोकरीत नवीन असतानाची गोष्ट, खालून कुणीतरी ओरडून सांगितलं लाइन बंद आहे, यांचा जोडीदार खांबावर चढला. लाइन चालू होती. माणूस वाचला पण उजवा हात गेला. "त्या दिवसापासून मॅडम, मी कोणाच्या तोंडावर भरवसा ठेवला नाही. साहेबानं सांगितलं तरी नाही. परमिट हातात आहे, लाइन बंद आहे, तरी मी टेस्टर लावल्याशिवाय पोट्ट्यायले वर चढू दिलं नाही. माझ्या हाताखाली एकही अ‍ॅक्सिडेंट नाही."

एकही नाही म्हणताना आवाज बदलला होता. मी विचार करत होते की या माणसाला तीस वर्षं "मीच खरा" असण्याचा पगार मिळाला आहे. तिथं दुसऱ्याचं ऐकणं म्हणजे कुणाचा तरी हात. मग रिटायर झाल्यावर हाताखाली पोट्टे नाहीत, खांब नाही, उरली बायको, सून आणि भाजीतला सांभार. अर्थात, कारण समजलं म्हणजे खिळा ठोकायचं लायसन मिळत नाही. पण कारण समजल्यावर मला काकांचा राग येईनासा झाला हे खरं, आणि राग गेल्याशिवाय माझ्याच्यानं काम होत नाही.

"आणि टेस्टरच बिघडलेला असला तर?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी पहिलीत आहे. "म्हणून तर आधी टेस्टर चालू पॉइंटवर लावून पाहायचा. तिथं दिवा लागला तर टेस्टर बरोबर. मग बंद लाइनवर लावायचा. मग पुन्हा एकदा चालूवर. टेस्टरचं काय मॅडम, वस्तू आहे, केव्हाही दगा देते."

माझ्या अगदी ओठावर आलं होतं, आणि तुमचं मत, काका? ते कोणत्या पॉइंटवर लावून पाहता? इतकं चपखल वाक्य आयुष्यात एखाद्यावेळी सुचतं. गिळलं. ते बोलले असते तर पुन्हा मी जिंकले असते.

त्याऐवजी मी माझ्या कूलरकडं बोट दाखवलं. तो खरंच दोन दिवसांपासून नुसता घरघर करत होता, हवा येत होती पण थंडावा शून्य, कागद हाताला चिकटत होते. म्हटलं, "हा बिघडला का हो? मला कूलरमधलं काही समजत नाही, जरा समजावून सांगा, हवा थंड होते कशी?" खरं सांगू, अर्धा हा माझा डाव होता, अर्धी गरज.

काकांनी पेन काढलं. माझ्या लेटरपॅडवर चौकोन काढला, मधे मोटर आणि पाती, खाली टाकी, टाकीत पंप, तीन बाजूंना ताट्या. "हे पाहा, पंप पाणी वर नेतो, ताट्या ओल्या होतात. बाहेरची कोरडी हवा ताटीतून आत ओढली जाते. पाण्याची वाफ होते. वाफ व्हायले गरमी लागते, ती हवेतूनच घेते, म्हणून हवा थंड. माठासारखंच." मग म्हणाले, "तुमचा कूलर ठीक आहे. पावसाळ्यात असंच होते. बाहेरच्या हवेत आधीच पाणी भरलं आहे, ती आणखी पाणी घेतच नाही, मग थंडी कुठून येईन?"

"अच्छा," मी म्हटलं, "म्हणजे ओल्या हवेत घामही वाळत नाही."

"कसा वाळंन?"

"आणि मग ही आत आलेली हवा, जी ताटीतून पाणी घेऊन आली, ती पुढं कुठं जाते?"

काकांनी कूलरमधून खोलीत येणारा बाण काढला. खोलीचा चौकोन काढला. बाण खोलीतून पुढं नेला, समोरच्या भिंतीपर्यंत, आणि तिथं पेन थांबलं. भिंतीवर पेनाचं टोक टेकवून बसले, शाईचा ठिपका मोठा होत गेला. पंख्याचा आवाज येत होता.

"दाराच्या फटीतून जात असंन," हळूच म्हणाले.

मी काहीच बोलले नाही. हे लिहायला सोपं आहे, करायला फार जड, तुम्ही करून पाहा.

मिनिटभरानं काका म्हणाले, "चहा मिळते का इथं?"

मिळतो म्हटलं. चहा आला, आम्ही तर्री पोह्यांवर बोललो, कुणाची तर्री चांगली यावर काकांचं मत होतंच, तेही अंतिम. जाताना त्यांनी ते लेटरपॅडचं पान फाडून घडी घालून खिशात ठेवलं.

हे जे झालं त्यावर संशोधन आहे. 2002 मध्ये येल विद्यापीठात रोझेनब्लिट आणि कील या दोघांनी लोकांना विचारलं, चेन म्हणजे आपली कपड्याची झिप, संडासचा फ्लश, कुलूप, हे कसं चालतं ते तुम्हाला कितपत माहीत आहे, स्वतःला मार्क द्या. लोकांनी भरपूर मार्क दिले. मग म्हटलं आता पायरी पायरीनं लिहून दाखवा. लिहून झाल्यावर पुन्हा मार्क द्यायला सांगितले तर ते धपकन खाली आले. कुणी चूक दाखवली नव्हती, लिहितानाच त्यांना आपली भोकं दिसली. म्हणून मी घरच्यांना सांगते की हट्टी माणसाला "का" विचारू नका, "कसं" विचारा. का विचारलं की माणूस वकील होतो, कसं विचारलं की मेकॅनिक. आणि विचारायचं ते खरंच ऐकायला, उलटतपासणीच्या सुरात विचारलं तर लगेच ओळखतात, मूर्ख थोडेच असतात. सगळ्या मतांना हा उपाय लागत नाही हेही सांगून ठेवते. जातीचं, धर्माचं, पार्टीचं मत असं कागदावर बाण काढून सुटत नाही, तिथं माणूस मताला नाही, आपल्या माणसांना धरून बसलेला असतो. कूलर, औषध, पैसा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, जिथं एखादी गोष्ट चालते कशी हे सांगता येतं, तिथं जमतं. तेही दर वेळी नाही, आणि चार लोकांसमोर तर कधीच नाही. काकू त्या दिवशी बाजूला बसल्या असत्या तर पेन भिंतीवर थांबलंच नसतं, काकांनी भिंतीलाच दार काढलं असतं.

पुढच्या वेळी काका काकूंना घेऊन आले. सून अजून वर्ध्यालाच होती पण व्हिडिओ कॉल सुरू झाले होते. काका बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग मधेच, कशाशीही संबंध नसताना म्हणाले, "तो 56 वाला सेन्सर. त्यालेही आधी दुसऱ्या मीटरशी लावून पाहा लागत होतं, मग बातमी द्यायची." काकूंना काही समजलं नाही. मी फक्त मान हलवली.

यापेक्षा जास्त कबुली काकांनी कधी दिली नाही. सुनेला सॉरी म्हणाले नाहीत. तिला तेच हवं होतं, आणि तिचं चूक नाही, खिळ्यानं तिला जे वाटलं ते काय एका कूलरपुरतं होतं का? तिच्याशी माझं वेगळं बोलणं झालं. ती म्हणाली माफी मिळणार नसेल तर दुसरं काय मिळेल ते सांगा. मी म्हटलं तुझ्या खोलीला आतून कडी, आणि तुझ्या लेकराच्या बाबतीत शेवटचा शब्द तुझा, हे नवऱ्यानं बापासमोर एकदा स्पष्ट बोलायचं. तो बोलला. पोळ्याच्या आधी ती परत आली. घर एकदम गोड झालं असं समजू नका, सांभारावरून अजून वाद होतातच.

त्यानंतर पार मार्चमध्ये, गावभर कूलरच्या ताट्या बदलायची घाई सुरू झाली तेव्हा, काका-काकू सहज भेटायला आले. नातू चालायला लागला होता, फोटो दाखवले. काकांनी सांगितलं की वरच्या खोलीत समोरच्या भिंतीला वर एक्झॉस्ट फॅन बसवला, स्वतः भोक पाडून, वायरिंग स्वतः केलं, कूलरची हवा आता कशी एकीकडून येते आणि दुसरीकडून निघून जाते, चिकचिक नावाला नाही.

"अरे वा," मी म्हटलं.

"मी तर पहिल्यापासून म्हणून राहिलो होतो मॅडम," काका म्हणाले, "हवा बाहेर निघाली पाहिजे. घरात ऐकते कोण?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून टेबलावरचे कागद आवरायला लागले.